चौथं शील आणि भनपुरीची जिलेबी

आबाजींसोबतच्या रविवारात लहानग्या इरावतीचा नफा किती, ते आधी मांडू. स्कूटरवर पुढं उभं राहून रायपूर पाहायचं, अभ्यासाला दांडी, आणि भनपुरीच्या नाक्यावर ट्रकवाल्यांच्या हॉटेलात गरम जिलेबी. खर्च एवढाच: घरी आल्यावर "विहारात गेलो होतो" म्हणायचं. आज सरकारी कचेरीत मोठमोठ्या टेंडरांच्या फायली तपासणारी इरावती छातीवर हात ठेवून सांगते, इतका किफायतशीर सौदा पुन्हा दिसला नाही!

आबाजी म्हणजे तिचे आजोबा, रेल्वेतून निवृत्त झालेले बाबाराव. त्यांना शुगर. शांताआजीनं गुळाचा डबासुद्धा कुलपात ठेवलेला. म्हणून आबाजी रविवारी पांढराशुभ्र सदरा-पायजमा चढवून निघत. वंदनेला चाललेल्या माणसाचं तोंड कोण हुंगतं!

त्या रविवारी आजीही नटून बसलेली.

"मले महिला मंडळाच्या मीटिंगले जायचं हाये. तुम्ही विहारातून सीधे घरी या!"

"हव!" आबाजी इतक्या नम्रपणे म्हणाले की इरावतीलाच संशय आला.

भनपुरीला पोचतात तर हॉटेल बंद! आबाजींचा चेहरा सिग्नल न मिळालेल्या मालगाडीसारखा झाला. तेवढ्यात शेजारच्या लग्नाच्या मांडवातून तोच ओळखीचा वास आला. "फक्त पाहू" म्हणून आबाजी डोकावले, आणि नवरीचा भाऊ लोकेश धावतच आला.

"आले, आले! नागपूरचे बौद्धाचार्य आले! जय भीम, आचार्यजी! कवापासून वाट पाहून राहिलो!"

पांढऱ्या कपड्यांनी घात केला!

"अरे बापू, मी तो नाही..."

"थकले असाल. पहिले वंदना घ्या, मग जेवण. तुमच्यासाठी जिलेबी अलग काढून ठेवली हाये!"

आबाजींचं पुढचं वाक्य पाकातच विरघळलं.

"आबाजी, ये तो चीटिंग है ना?" इरावती कुजबुजली.

"वंदना कोणीही घेऊ शकते, पोट्टे. लग्न लावाले येईलच तो नागपूरवाला."

मंचावर माइकसमोर आबाजींचा आवाज मात्र असा लागला की मांडवाचे खांब ताठ झाले. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. आबाजी म्हणत, मांडव मागून म्हणे. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं.

"मुसावादा..."

आणि गाडी थांबली. समोर बायकांच्या पहिल्या रांगेत, शालू नेसून, शांताआजी!

"मुसावादा..." आबाजींनी पुन्हा जोर लावून पाहिला.

"काहून अडकले? पुढचं मले येते, सांगू का?" आजी म्हणाली.

पाचवं शील कधी उरकलं, कोणालाच कळलं नाही. आजी तरातरा मंचावर चढली.

"विहार इकडे कधी हलवला?"

आबाजी माइकची वायर सोडवू लागले. आजी त्यांच्याशेजारी बसलेल्या नातीकडे वळली. "तू सांग वं. कुठं निघाले होते?"

इरावतीनं आत्ताच, अख्ख्या मांडवासोबत हात जोडून शील घेतलं होतं. ओलंच होतं अजून!

"जिलेबी खाने! हर संडे! और आजी, आपकी मीटिंग भी यहीं थी क्या?"

माइक चालू होता.

मांडव असा हसला की नवरदेवाचा फेटा निसटून मांडीवर आला. आजी लालेलाल! "लग्नात हे गोड खातील म्हणून यांले नाही सांगतलं! म्हणून बोलली मी मीटिंग!"

"चौथं शील तूही घेतलं ना आताच, शांता?" आबाजी, तेही माइकमध्येच.

तेवढ्यात खरे आचार्य नागपूरहून पोचले. त्यांनी लग्न लावलं आणि अलग काढलेली जिलेबी शांतपणे संपवली.

दोन रविवार घरात अबोला आणि कारलं. तिसऱ्या रविवारी आजीनंच पदर खोचला. "चला भनपुरीले. दोन जिलेब्या घेऊ. अर्धी तुम्हाले, बाकीची दीड मी खाईन. नजर ठेवाले येऊन राहिली, समजलं?"

आबाजी नव्या नवरदेवासारखे स्कूटरकडे धावले. मागं आजी बसली. इरावती सवयीनं पुढं चढून उभी राहिली.

"तू उतर," आजी म्हणाली. "मोठी झाली आता, आबाजीले समोरचं दिसत नाही. गणितं करत बस."

तर जमाखर्च असा निघाला: आबाजींना हक्काची अर्धी जिलेबी, आजीला दीड, आणि दोघांनाही रविवारची सैर. शील पाळलं होतं फक्त इरावतीनं. भुर्दंडही तिलाच!