टिकाऊ पत्रावळ

लढाईपायी पितळ महागलं, तेव्हा हिंगोलीच्या पानवस्तू सुधारणा दफ्तरानं ठराव केला की पत्रावळच धुऊन पुन्हा वापरता येईल अशी करावी. काम आलं कारकून राधाकृष्णपंतांकडं. माणूस हुशार होता, हीच पंचाईत.

पळसाची पानं चिंचोक्याच्या खळीनं तीनपदरी चिकटवली, वर जवसाच्या तेलाचे सात हात दिले आणि आठ दिवस जात्याखाली दाबली. पत्रावळ अशी झाली, की आपटली तर फरशीचा टवका उडावा. शिरड शहापूरची द्वारकाबाई जन्मभर पत्रावळी टाचून पोट भरणारी. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली.

"पंत, जेवण झालं की पत्रावळ म्हशीपुढं टाकायची असती. हिला म्हैसबी तोंड लावायची न्हाई. काहून एवढी तकलीफ घेतली?"

"बाई, तुला नाही कळायचं," पंत म्हणाले.

आता नियम असा, की टिकाऊ वस्तू वापरून तपासल्याशिवाय मंजूर होत नाही. दोनशे पत्रावळी, दर पत्रावळीवर तीस जेवणं! रोज दोन वेळा मुकाट जेवणारी दोनशे माणसं आणायची कुठून? तुरुंगातून. पंधरा दिवसांत पत्रावळी तावूनसुलाखून परत आल्या आणि प्रत्येकीच्या मधोमध जांभळा शिक्का बसला: 'तुरुंगात तीस वेळा जेवून तपासली. उत्तम.' मजकूर खुद्द पंतांचा.

दफ्तराचे साहेब म्हणाले, "शेवटची चाचणी घरंदाज पंगतीत घ्या. तुमच्या मुलीचं, ताराचं लग्न आहेच की." पंतांना बढती दिसत होती. ते हो म्हणून बसले.

सीमांतपूजनाची पंगत बसली. व्याही गोपाळराव पुसेगावचे, सोवळ्याओवळ्याला कडक. आपोष्णीचं पाणी हातात होतं, तेवढ्यात वरण वाढताना भात सरकला आणि शिक्का उघडा पडला. गोपाळरावांनी तो मोठ्यानं वाचला. सगळी पंगत उठली.

"पंत, यावर तुम्ही जेवाल? जेवणार नसाल, तर उद्याचा मुहूर्त विसरा."

"माझा... आज उपास आहे."

"कसला?"

पंतांना तिथी आठवेना. दारात तारा हळदीच्या अंगानं उभी होती, डोळे भरलेले. पंतांनी पगडी काढून व्याह्यांच्या पायाशी ठेवली. "नाही हो जेववत! मीच केली, पण मलाच जेववत नाही. माझ्या गाढवपणाची शिक्षा पोरीला नका देऊ."

मागच्या दारातून द्वारकाबाई गठ्ठा घेऊन आली. "ताज्या हायत. सकाळपासून टाचून राहिले. मला ठावं व्हतं." गोपाळराव खो खो हसत पाटावर बसले. सकाळी लग्न लागलं.

पंतांनी अहवाल लिहिला: 'पंगतीत दोनशेपैकी एकही पत्रावळ फाटली, वाकली वा डागाळली नाही.' अक्षर न् अक्षर खरं. बढती मिळाली. ज्यानं ज्यानं अहवाल वाचला तो म्हणाला, वा, हे तर घरोघरी पोचलं पाहिजे! सुरुवात आपल्या घरापासून, असं मात्र कोणी बोललं नाही.

तुम्हीही मान डोलावलीत ना? मग उभे का? बसा पाटावर. पत्रावळ धुतलेलीच आहे.