यंत्राच्या पोटातल्या अक्षता

एका जंगलात एक राजा होता आणि एक संगणक होता. दोघंही दरबारात उंच जागी बसलेले असत. दोघांनाही सकाळी चालू व्हायला फार वेळ लागे. दोघांचं नेमकं काम काय, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

मुलांनो, राजाचं काम मलाही अजून कळलेलं नाही. संगणकाचं मात्र सांगता येईल. पाणवठ्यावर कोणी कधी प्यायचं, त्या पाळ्या तो लावायचा. पाणवठा पूर्वीही होता आणि जनावरं पूर्वीही पाणी पीत होती. पण आता यंत्रातून चिठ्ठी निघाल्याशिवाय तहान ग्राह्य धरली जात नसे.

त्या संगणकामागे भिंतीत एक सरकारी बीळ होतं. त्यात एक चिचुंद्री आपल्या सहा पिल्लांसह राहायची. ती रोजंदारीवर होती. यंत्राच्या पोटात शिरून धूळ काढायची, सैल झालेल्या तारा घट्ट बसवायची. तिच्या अंगाला वास येतो म्हणून दरबारातली मंडळी तिच्याशी नाक धरून बोलत. त्यामुळे सगळेच गेंगाणे बोलत आणि तिला वाटे, मोठ्या लोकांचा आवाज असाच असतो.

एक दिवस वरच्या जंगलातून हुकूम आला. 'संगणकाची जुनी प्रणाली शनिवारी बंद होईल. त्याआधी नवी बसवावी.' सोबत एक पेन ड्राइव्ह होता.

या राज्याचा प्रधान म्हणजे एक तरस. राजाचं वाक्य संपायच्या आधी हसायचं, एवढ्या एका गुणावर तो प्रधान झाला होता. त्याने पेन ड्राइव्ह लावला. नवी प्रणाली चढायला लागली. दहा टक्के झाले, वीस झाले, एक्केचाळीस झाले. मग पडदा निळा पडला, त्यावर एक रडवेला चेहरा आला आणि सगळं थांबलं.

"हे रडतंय का?" राजाने विचारलं.

"आपल्या धाकाने, महाराज," प्रधान हसत म्हणाला.

"बंद करून चालू करा."

राज्यकारभारातलं राजाला एवढंच येत होतं. मागच्या वर्षी मंत्रिमंडळावरही त्याने हाच इलाज केला होता. यंत्र सात वेळा बंद करून चालू केलं. सातही वेळा ते एक्केचाळिसावर रडलं.

मग शेजारच्या जंगलातून एक तज्ज्ञ मोर आणवला. मोराने आधी पिसारा फुलवला. त्यात बराच वेळ गेला, पण दरबार खूश झाला. मग तो म्हणाला, "चूक काय आहे ते या छोट्या पडद्यावर नीट वाचता येत नाही. पडदा मोठा हवा."

मोठा पडदा आला. रडवेला चेहरा मोठा दिसायला लागला.

"आता डिस्क बदलू," मोर म्हणाला. डिस्क बदलली. पेन ड्राइव्ह बदलला. कळफलकसुद्धा बदलला, कारण त्याचा रंग पडद्याशी जुळत नव्हता. एक्केचाळीस काही हलेना. बाहेर हरणांची रांग वाढत चालली होती. पाणी समोर चमकत होतं आणि चिठ्ठी निघत नव्हती.

शेवटी भिंतीतून बारीक आवाज आला. "महाराज, एकेक भाग काढून बघायला हवं. जो काढल्यावर यंत्र नीट चालेल, त्याच्यात खोट."

"ही पद्धत फारच सोपी आहे," मोर नाक धरून म्हणाला. मोराच्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही.

राजाने मात्र मान हलवली. त्याला जेवायला जायचं होतं. "ठीक आहे. शनिवारच्या दरबारापर्यंत चालू केलंस, तर हे बीळ कायमचं तुझं. नाही केलंस, तर शनिवारीच बीळ खाली कर."

भिंतीबाहेर घोणस राहत होती. आणि पिल्लं अजून एकामागे एक शेपटी धरून चालायच्या वयाची होती. त्यांना घेऊन बाहेर जायचं म्हणजे घोणशीच्या ताटात माळ करून वाढण्यासारखं होतं.

शुक्रवारी दुपारी राजा वामकुक्षी घेत असताना ती यंत्रात शिरली. आधी पंख्याची तार काढून परत लावली, नवी डिस्क काढून जुनी लावली. फरक पडला नाही. मग ती रॅमपाशी आली. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, दोन खाचांत उभ्या. यंत्र काम करताना सगळं त्यांच्यावर लक्षात ठेवतं. दुसऱ्या खाचेतली पट्टी तिने काढली आणि पहिल्या खाचेतल्या एकाच पट्टीवर यंत्र चालू केलं. एक्केचाळीस गेलं. पन्नास गेलं. तिने मधेच थांबवलं आणि त्याच खाचेत दुसरी पट्टी लावून पाहिली. तेव्हाही एक्केचाळीस पार झालं.

म्हणजे पट्ट्या दोन्ही चांगल्या. मग कोणतीही पट्टी दुसऱ्या खाचेत घातली की रडू येतं, ते का?

तिने दुसऱ्या खाचेत तोंड घातलं. आत तांदळाचे चार दाणे होते. कुंकवाने लाल झालेले, हळदीने चिकटलेले.

तिला दसरा आठवला. त्या दिवशी दरबारात यंत्रपूजा झाली होती. सगळ्यांनी शिरस्त्याप्रमाणे बाहेरून हळदकुंकू वाहिलं. राजा म्हणाला होता, "झाकण काढा. देव काय पत्र्यात असतो? तो आत असतो." आणि मूठभर अक्षता त्याने स्वतःच्या पंजाने आत टाकल्या होत्या. प्रधान तेव्हा टाळ्या वाजवत होता. जुन्या प्रणालीचं पहिल्या पट्टीवर भागायचं, म्हणून पाच महिने कोणाला काही कळलं नाही. नवीला दोन्ही पट्ट्या लागत होत्या.

तिने दाणे काढले. पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासून लख्ख केले, खाचेत फुंकर मारली आणि दोन्ही पट्ट्या टक्कन बसवल्या. यंत्र चालू केलं. नव्वद. शंभर. नवी प्रणाली बसली.

ती आनंदाने प्रधानाकडे धावली. प्रधानाने कागद पुढे केला. "यात बिघाडाचं कारण लिही. कारणाशिवाय बीळ कायम होत नाही."

तिने कारण सांगितलं. तरस जन्मात पहिल्यांदा हसायचा थांबला.

"वेडी का तू? मुंग्या लिही. मुंग्यांचं कोणी विचारत नाही."

"मुंग्यांनी काय केलं?"

"काहीच नाही. म्हणूनच तर लिहायचं."

चिचुंद्री कागद घेऊन बिळात आली. मुंग्या तिच्या शेजारणी होत्या. ती आजारी होती तेव्हा त्यांनी पिल्लांसाठी आठ दिवस दाणादाणा आणून दिला होता. मुंग्या लिहिलं तर उद्या त्यांच्या वारुळावर औषध पडणार. खरं लिहिलं तर आपल्यावर पंजा पडणार. ती पिल्लांना कुशीत घेऊन रडली. मग तिने डोळे पुसले आणि खरं ते लिहिलं. मुलांनो, अशी माणसं अजूनही असतात. चिचुंद्र्यांमध्ये तर असतातच.

शनिवारी दरबार भरला. प्रधानाने कागद वाचायला घेतला, पहिली ओळ पाहिली आणि त्याला एकाएकी खोकला लागला. कागद त्याने चिचुंद्रीकडेच दिला. आता तूच वाच म्हणाला.

चिचुंद्रीच्या मागे सहा पिल्लं शेपट्या धरून उभी होती. तिने डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं. "महाराज, रॅमच्या खाचेत तांदूळ अडकले होते. ते दसऱ्याच्या अक्षतांचे होते. त्या अक्षता तुम्ही टाकल्या होत्या."

मोराने पिसारा मिटला, त्याचा आवाज सगळ्या दरबाराला ऐकू गेला. राजा उठला. त्याची आयाळ थरथरत होती. तो पायऱ्या उतरून तिच्यासमोर आला.

"पाच महिने?" तो म्हणाला. "पाच महिने यंत्राने आमच्या अक्षता पोटात जपून ठेवल्या?"

चिचुंद्रीने एक डोळा उघडला. राजाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आणि त्या काढल्याबरोबर काय झालं?"

"यंत्र चालू झालं, महाराज."

"म्हणजे बघा," राजा दरबाराकडे वळला, "आम्ही टाकल्या नसत्या, तर काढता आल्या नसत्या. आणि काढल्या नसत्या, तर यंत्र चालू झालं नसतं!"

प्रधानाला हसावं की टाळ्या वाजवाव्यात ते कळेना. त्याने दोन्ही केलं. मोर म्हणाला, की शास्त्रातही हेच सांगितलं आहे, फक्त जरा अवघड करून.

राजाने तिथल्या तिथे फर्मान काढलं. दर सोमवारी यंत्राचं झाकण काढून आत अक्षता टाकायच्या. दर मंगळवारी त्या काढायच्या. टाकण्यासाठी प्रथम श्रेणीचं पद निघालं, त्यावर प्रधानाचा मेव्हणा बसला. काढण्यासाठी चतुर्थ श्रेणीचं पद निघालं. ते चिचुंद्रीला मिळालं, बिळासकट.

चिचुंद्री भाबडी होती. दरबार संपल्यावर ती प्रधानाला गाठून म्हणाली, "प्रधानजी, अक्षता टाकल्याच नाहीत, तर यंत्र सोमवारी-मंगळवारीही चालेल. हरणांना दोन दिवस तहानलेलं राहावं लागणार नाही."

प्रधानाने नाक धरलं आणि तिच्या मागच्या सहा पिल्लांकडे पाहिलं.

"मग मंगळवारी तू काय करशील?"

चिचुंद्री पिल्लांना घेऊन बिळात गेली आणि पहिल्या मंगळवारसाठी खोडरबर शोधू लागली.

तात्पर्य : मुलांनो, खरं बोलायला कधीही भिऊ नका. ऐकणारे पुरेसे मोठे असले, की खऱ्याने कोणाचं काही बिघडत नाही. उलट दोन जागा निघतात.