मऊ अल्बमवर मंडळाचे एकमत

"मऊ!" अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी स्पीकर बंद केला. "साफ मऊ! दात पडले बँडचे."

खोलीतल्यांनी माना डोलावल्या. ही खोली म्हणजे अध्यक्षांच्या ड्रायव्हिंग स्कूलचा वर्ग. आठवडाभर इथे लोक भिंतीवरची वाहतुकीची चिन्हे पाठ करायचे आणि शनिवारी संध्याकाळी त्याच बाकांवर 'पोलादी श्रोते मंडळ' बसायचे. मंडळात माणसे पाच, पाचही जणांच्या अंगात काळे टी-शर्ट, आणि त्या टी-शर्टांखालून आता पोटेही डोकावू लागलेली. बँड मात्र एकच. त्याचे नावसुद्धा कुणी घेत नसे. बँड म्हणजे बँड. सव्वीस वर्षे या बँडने गिटारी बडवल्या, ड्रम फोडले, घसा खरवडून किंकाळ्या मारल्या, आणि मंडळाने त्या मान झटकून झटकून ऐकल्या. इतक्या, की पाचांतल्या दोघांच्या मानेला आता पट्टा होता. त्याच बँडने काल नवा अल्बम काढला होता आणि त्यात चक्क चाली होत्या. गुणगुणता येतील अशा!

मंडळाची मत देण्याची एक पद्धत होती. ज्येष्ठतेनुसार बोलायचे. आधी अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, मग बाकीचे. पद्धत अगदी लोकशाहीची होती. फक्त अध्यक्षांचे बोलून झाल्यावर इतरांना स्वतःचे मत असण्याची गरज पडत नसे, एवढेच. उपाध्यक्षांचे औषधांचे दुकान होते आणि मंडळात त्यांना 'अनुमोदन' म्हणत, कारण गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्या तोंडून दुसरा शब्द फारसा कुणी ऐकला नव्हता.

"अनुमोदन," अनुमोदन म्हणाले. "मऊच."

"नुसतं लोणी हो," गणिताच्या मास्तरांनी री ओढली.

"माझी सासूसुद्धा ऐकेल हा अल्बम," शिंपी म्हणाला. मंडळात याहून मोठी शिवी नव्हती.

शेवटी डेसिबलची पाळी आली. डेसिबल हा मंडळातला सर्वांत धाकटा, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचा. कान-नाक-घशाच्या दवाखान्यात तो लोकांचे कान तपासायचा, म्हणून हे नाव. आणि डेसिबलने एक पाप केले होते. नवा अल्बम सगळ्यांनी मिळून पहिल्यांदा ऐकायचा हा मंडळाचा नियम मोडून त्याने तो आदल्या दिवशीच ऐकला होता. त्यातले चौथे गाणे तर अकरा वेळा. ज्या गायकाने सव्वीस वर्षे जगाला शिव्या घातल्या, तो या गाण्यात हळू आवाजात आपल्या म्हाताऱ्या वडिलांना "जेवलात का" म्हणून विचारत होता. डेसिबलच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. बायकोला त्याने डोळ्यांत कचरा गेल्याचे सांगितले.

"अकरा वेळा?" बायकोने विचारले होते. "अरे, आवडलं तर आवडलं म्हण की त्या लोकांना."

"तुला नाही कळायचं," डेसिबल म्हणाला होता.

खरे तर तिला सगळे कळत होते. या चौघांशिवाय डेसिबलला मित्र नव्हते. दवाखान्यात डॉक्टर त्याला 'अहो ते मशीनवाले' म्हणायच्या, घरी त्याच्या आवडीला 'आदळआपट' म्हणत. शनिवारी संध्याकाळी दोन तास तेवढा तो कुणीतरी असायचा. आणि मंडळ माणसाला काढून कसे टाकते, हेही त्याने पाहिले होते. सात वर्षांपूर्वी एका सभासदाने एका गाण्यातल्या बासरीची तारीफ केली होती. त्या गृहस्थाला आता रस्त्यात समोरून येताना पाहिले, तरी मंडळी दुकानाच्या पाट्या वाचू लागत.

"बोल रे," अध्यक्ष म्हणाले.

"मऊ," डेसिबल म्हणाला. "म्हणजे काय... फारच."

इथे प्रकरण मिटले असते. पण अध्यक्षांना आयत्या वेळी कल्पना सुचली, आणि त्यांना कल्पना सुचली की दुसऱ्याचे काम वाढते.

"अरे, आपल्यात तज्ज्ञ माणूस बसलाय! डेसिबल, तू मशीन लावून मोज. जुना अल्बम किती, नवा किती. चांगला अहवाल लिही आणि टाक जगभरच्या श्रोत्यांच्या साइटवर. बँडला कळू दे, आम्ही काही हवेत नाही बोलत."

"अनुमोदन!"

डेसिबलने मोजले. जुना सर्वांत भयंकर अल्बम सत्त्याण्णव भरला, नवा शहाण्णव. एका डेसिबलचा फरक, तो धडधाकट कानालाही धड कळत नाही. डेसिबलने रात्रभर डोके खाजवले आणि शेवटी लिहिले, 'प्रत्यक्ष मोजणीत नवा अल्बम जुन्यापेक्षा कमी आढळला.' किती कमी, ते लिहिले नाही. आपण खोटे कुठे बोललो, असे त्याने स्वतःला तीनदा समजावले.

अहवाल वणव्यासारखा पसरला. तोवर श्रोत्यांत दोन तट होते. आता एकाच तटाच्या हाती शास्त्र आले. 'तज्ज्ञांनी मोजलंय, वाद संपला,' एकाने लिहिले. 'पहिल्या ऐकण्यात मला आवडला होता, अहवाल वाचून चूक उमगली,' दुसऱ्याने लिहिले. तिसऱ्याने तर कमालच केली, 'अल्बम ऐकलेला नाही. फक्त अहवाल वाचला. ढसाढसा रडलो.' मंडळात डेसिबलचा भाव वधारला. अनुमोदननी त्याला स्वतःहून आपली खुर्ची दिली. आणि त्या खुर्चीवर बसल्या बसल्या डेसिबलच्या डोक्यात चौथे गाणे वाजत राहिले.

घरी ऐकायची सोय उरली नव्हती, कारण बायको हसायची. म्हणून त्याने दवाखान्यातली ध्वनिबंद खोली गाठली. ही कान तपासायची काचेची खोली, जाड दार लावले की बाहेरचे आत येत नाही आणि आतले बाहेर जात नाही. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तो आत बसला, हेडफोन लावला आणि चौथे गाणे सुरू केले. पहिले कडवे त्याने ऐकले. दुसऱ्यात गुणगुणला. तिसऱ्यात त्याने गळा मोकळा सोडला, अगदी "जेवलात का"वर हुंदक्यासकट.

बाहेर आला तेव्हा स्वागतकक्षातल्या बाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"अहो, आतला माइक चालू होता," त्या म्हणाल्या. "सकाळीच मी त्याची वायर बाहेरच्या स्पीकरला जोडून घेतलीय, पेशंटची नावं पुकारायला. तुम्ही गात होतात की काही दुखत होतं?"

डेसिबलने पेशंट बसतात तिथे डोकावून पाहिले. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. कोपऱ्यातल्या एक आजी कौतुकाने म्हणाल्या, "गोड गळा आहे हो! महिनाभरात पहिल्यांदा मला काहीतरी धड ऐकू आलं."

आणि स्पीकरच्या बरोबर खाली, मासिक चाळत, अध्यक्ष बसले होते.

बावीस वर्षांची मैत्री, शनिवारच्या संध्याकाळी, नुकतीच मिळालेली खुर्ची, सगळे एका कडव्यात गेले. आता हा माणूस उठेल, सगळ्यांसमोर आपल्याला 'सूरवाला' म्हणेल आणि जन्मभर दुकानाच्या पाट्या वाचील. अध्यक्षांनी मान वर केली.

"अरे, तू!" ते हसून म्हणाले. "किती शांत आहे रे तुमच्याकडे. बरं वाटतं."

डेसिबलच्या जिवात जीव आला, आणि मग हळूहळू त्याला वेगळीच शंका येऊ लागली.

"तुम्ही इथे कसे, अध्यक्ष?"

"काही नाही रे, कटकट. परवान्याच्या ऑफिसला माझ्या कानाचं सर्टिफिकेट हवंय. त्यात बायकोनं डोकं खाल्लंय. म्हणे दाराची बेल ऐकू येत नाही. आणि मागच्या आठवड्यात एक शिकाऊ बाई 'ब्रेक कुठला, ब्रेक कुठला' म्हणून ओरडत होती म्हणे. मला वाटलं, गाणं म्हणतेय. पत्र्याचं एक कुंपण गेलं, बाकी काही नाही."

डेसिबलने त्यांना ध्वनिबंद खोलीत बसवले, हातात बटण दिले. "आवाज आला की दाबायचं."

त्याने वरच्या पट्टीतला बारीक आवाज सोडला. अध्यक्ष बसून. मोठा केला. अध्यक्ष काचेतून प्रसन्नपणे बघत होते. आणखी मोठा केला. मशीनचा काटा शेवटच्या टोकाला टेकला तेव्हा कुठे अध्यक्षांनी बटण दाबले आणि अंगठा वर करून दाखवला. कागदावरची रेघ डावीकडे, खालच्या पट्टीत, जेमतेम होती आणि उजवीकडे, वरच्या पट्टीत, धाडकन खाली गेली होती. तिथले काहीही या माणसाला ऐकू येत नव्हते. झांजा नाहीत, गिटारीची धार नाही, किंकाळ्या नाहीत. सव्वीस वर्षे पहिल्या रांगेत, स्पीकरला कान लावून उभे राहिल्याचा हा प्रसाद होता.

डेसिबल त्या रेघेकडे बघतच राहिला. म्हणजे दात बँडचे पडले नव्हते. अल्बम मऊ ठरला तो या रेघेमुळे. अनुमोदननी अनुमोदन दिले ते या रेघेला. आणि आपण अहवाल लिहून जगाला रडवले तेही हिच्याच जिवावर.

अध्यक्ष बाहेर आले आणि त्यांनी कागद पाहिला. त्यांना समजावून सांगावे लागले नाही. मोठा दणकट माणूस, पण खुर्चीत बसला तो एकदम म्हातारा दिसला.

"डेसिबल, मंडळात बोलू नकोस."

"छे हो. पेशंटचं बाहेर सांगत नाही आम्ही."

"तसं नव्हे. शपथ घे. बहिरा अध्यक्ष कोण ठेवेल रे? शनिवार सोडला तर मला आहे काय? दिवसभर लोकांना गिअर टाकायला शिकवायचं."

डेसिबलला भडभडून आले. हीच वेळ आहे, त्याला वाटले. "अध्यक्ष, मलाही एक सांगायचंय. मला तो अल्बम फार आवडलाय."

"काय?" अध्यक्षांनी कानामागे हात धरला.

डेसिबलने कागदाची घडी केली. "म्हटलं, मशीन दोन्ही कानांना लागेल."

शनिवारपर्यंत अध्यक्षांच्या कानांमागे दोन छोटी यंत्रे बसली. खांद्यापर्यंत रुळणारे पांढरे केस मोकळे सोडले, की कुणाला पत्ता लागत नव्हता. अध्यक्ष मात्र वर्गात आल्यापासून दचकत होते. अनुमोदननी गोळीचे पाकीट फोडले तरी दचकत, मास्तरांचा बाक करकरला तरी दचकत.

"आज नवा अल्बम पुन्हा ऐकायचा," अध्यक्ष म्हणाले. "निकाल देताना घाई झाली असं मला वाटतं."

स्पीकर सुरू झाला. पहिल्याच ठोक्याला अध्यक्ष बाकावरून उडाले. झांजा आल्या, त्यांनी डोळे मिटले. गिटार आली, त्यांनी बाक धरला. तिसऱ्या गाण्यालाच त्यांनी स्पीकर बंद केला. कपाळ घामाने भिजले होते.

"मऊ?" ते म्हणाले. "याला कोण मऊ म्हणालं? हा बँडचा सर्वांत भयंकर अल्बम आहे! कान फाटले!"

"अनुमोदन," अनुमोदन तत्काळ म्हणाले. "माझेही फाटले."

"मला तेव्हाच शंका आली होती," मास्तर म्हणाले.

"सासू ऐकूच शकणार नाही," शिंप्याने शब्द फिरवला.

मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आले, की जगभर एक अहवाल फिरतो आहे, आणि त्याखाली नाव एकाचेच आहे. चारही माना, पट्ट्यांसकट, डेसिबलकडे वळल्या.

"एवढा मोठा आवाज तुला कमी भरला?" अनुमोदननी विचारले आणि खुर्ची काढून घेतली. "स्वतःचे कान तपासून घे आधी!"

डेसिबलने अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्ष आता एकाग्रतेने भिंतीवरचे 'प्रवेश बंद'चे चिन्ह न्याहाळत होते. दोन शब्द बोलला असता तर डेसिबल सुटला असता. पण अध्यक्षांनी शपथ घातली होती. 'अनुमोदन' म्हणाला असता तरी सुटला असता. तो शब्द ओठांपर्यंत आलाही. पण बावीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच त्या शब्दाचा कंटाळा आला.

"अल्बम भयंकर नाही," तो म्हणाला. "मऊच आहे. आणि मऊ आहे म्हणून मला आवडला. चौथं गाणं ऐकून मी रडलो. अकरा वेळा."

बँडला मऊ म्हणणाऱ्या इसमाला मंडळातून तत्काळ काढण्याचा ठराव मास्तरांनी मांडला. अनुमोदन अर्थातच कुणी दिले ते सांगायला नको. डेसिबलने आपली पिशवी उचलली आणि तो घरी गेला. बायकोने दार उघडले, त्याचे तोंड पाहिले आणि काही न विचारता त्याच्यासाठी चहा टाकला.

सोमवारी दवाखाना उघडताच दारात अध्यक्ष हजर.

"यंत्र बघ जरा," ते म्हणाले. "फार लागतं कानाला."

डेसिबलने मुकाट्याने त्यांना ध्वनिबंद खोलीत बसवले. अध्यक्षांनी खिशातून फोन काढला आणि इकडेतिकडे बघत, डेसिबलला आत घेऊन, दार स्वतःच ओढून घेतले.

"यावर लावून बघ. ते... चौथं."

डेसिबलने आधी माइक बंद केला, मग गाणे लावले. "कमी कर," अध्यक्ष म्हणाले. त्याने कमी केले. "अजून." त्याने अजून केले. "अजून थोडं. हां, असू दे." गायकाने वडिलांना विचारायचे ते विचारले. अध्यक्षांचे वडील जाऊन आता वीस वर्षे झाली होती. त्यांनी पांढऱ्या केसांत तोंड लपवले.

"काय मऊ आहे रे," ते शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

डेसिबलने त्यांना रुमाल दिला.

"शनिवारी ये," अध्यक्ष नाक पुसत म्हणाले. "ठराव मी बघून घेतो. फक्त आल्या आल्या म्हण, की मत बदललं, कान फाटले."

"आणि तुम्ही? तुम्ही काय मत देणार?"

अध्यक्षांनी केस सारखे केले, यंत्रे नीट झाकली आणि ते उठले.

"मला कुठलं मत देता येतंय, बाबा," ते म्हणाले. "मी अध्यक्ष आहे."