पाच पानांचा बेल

गंगारामकाका महादेवाच्या देवळात शिरले की पुजाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडत. लोक पिंडीवर बेल वाहत. काका वाहिलेला बेल चिवडत. एकेक पान डोळ्यांपुढे धरायचे आणि टाकायचे. "तीन. नामंजूर!"

भोकरदनच्या तहसील कचेरीत ते चपराशी. राज्य निजामाचं, कारभार उर्दूत. ती कचेरी त्यांच्या जिभेवरच येऊन बसली होती. बेल तीन पानांचा असतो हे अख्ख्या जगाला मान्य, काकांना चारचा नाहीतर पाचचा हवा. वर्ष वर्ष सापडत नसे. "तीन पानं त कोन्याबी बेलाला येतेत," ते म्हणत. कोणी दूर्वा शोधायला सुचवलं की नाक मुरडत. "पाचाची, साताची दूर्वा ढिगानं मिळते. त्यात काय मर्दुमकी?" इतकी वर्षं झाली, अजून बेलाचं झाड दिसलं की माझी मान आपोआप वर जाते.

एकदा समन्स घेऊन राजूरला निघाले, ते वाटेतल्या बेलाखालीच दिवसभर बसले. साहेबांनी झापलं, तर म्हणाले, "झाडाची तहकीकात करून राह्यलो होतो, हुजूर."

कारकुनांनी गंमत म्हणून डिंकानं चौथं पान चिकटवून त्यांच्या स्टुलावर ठेवलं. काकांनी ते उजेडात धरलं, "जालसाजी!" म्हणून ओरडले आणि पंधरा दिवस कोणाला प्यायला पाणी दिलं नाही.

आम्ही त्यांचे शेजारी. माझ्या लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच माझ्या नवऱ्याला तापानं धरलं. दुखणं हटेना, तेव्हा सासूबाईंनी लाखोली बोलली, महादेवाला एक लाख बेल वाहायचे. पानं निवडायला आळीतल्या बाया जमत आणि काका न बोलावता सगळ्यांच्या आधी हजर. शेवटच्या दिवशी ते एकदम ओरडले, "मंजूर!"

पाच पानं!

"हेच शेवटी वाहू," सासूबाईंनी हात जोडले. "मंग उठून बसतंय बघा माझं लेकरू." वळून बघतात तो काका पान टोपीत घालून पसार.

माझं डोकंच फिरलं. देवाचं पान चोरतात म्हणजे काय! तशीच त्यांच्या दारात गेले.

काकांच्या बायकोचे, सोनाकाकूंचे, डोळे लहानपणीच देवीच्या साथीत गेले होते. काका त्यांच्या तळहातावर पान ठेवत होते.

"मोज."

काकूंचं बोट देठापासून हळूहळू सरकलं. "एक... दोन... तीन..." चौथ्याला हसू फुटलं. पाचव्याला त्यांनी ते पान गालाला लावलं. "अवो, पाच! कोणाचं हाय?"

"तुहंच."

तेवढ्यात काकांना मी दिसले. एरवी हुकूम सोडणाऱ्या काकांनी माझ्यापुढे हात जोडले.

मी भांडायला आले होते. मलाही ते पान हवंच होतं. पुढे माझा नवरा बरा झाला, पण तेव्हा ते मला कुठं ठाऊक होतं? तरी पाय आत जाईनात. मी परत फिरले.

"मिळालं का?" सासूबाईंनी विचारलं.

"त्यातलं एक पान फाटेल हाय, आत्याबाई."

फाटका बेल देवाला चालत नाही. सासूबाईंनी तीन पानांचा बेल उचलला. मी डोळे मिटले आणि मनात म्हणाले, महादेवा, खोटं मी बोलले. राग माझ्यावर काढ, माझ्या नवऱ्यावर नको.