पाटावरचं पिस्तूल

खंडेनवमीच्या सकाळी प्रसादच्या आईने पाटावर लाल कापड अंथरलं. त्यावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, स्क्रूड्रायव्हर आणि भाजीची सुरी मांडली आणि हाक मारली, "प्रसाद, ते आण रे."

"ते" म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या चँडलर गावातल्या त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सिटिझनशिप मिळाल्यावर लोक मित्रांना पार्टी देतात. प्रसादने पुढच्या गल्लीत घरफोडी झाली म्हणून पिस्तूल घेतलं. तेही साधंसुधं नव्हे, दोन हातांत जेमतेम मावणारं मॅग्नम. नळी आणि गोळ्यांचं मॅगझिन बदललं की यातून दुसऱ्या मापाच्या गोळ्याही झाडता येतात, असं दुकानदार म्हणाला. एकात दोन म्हटल्यावर आपला माणूस कुठला सोडतोय! शूटिंग रेंजवर पहिलाच बार काढला आणि पिस्तूल उसळून कपाळावर आलं. घरी व्हिडिओ बघत त्याने एकदा नळी बदलून पाहिली. मग ते जे कपाटातल्या तिजोरीत गेलं, ते गेली दोन वर्षं तिथेच होतं. चोरांची भीती मात्र गेली, कारण प्रसाद आता पिस्तुलाला घाबरत होता.

उकळत्या तेलाची कढई आणावी तसं त्याने ते आणून पाटावर ठेवलं. आईने सगळ्या वस्तूंना सढळ हाताने ओलं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

"रिकामं आहे ना?" उपासनाने नवऱ्याला विचारलं.

"मॅगझिन काढलंय."

"ते नाही विचारलं. आत एक गोळी राहू शकते, असं तूच म्हणाला होतास."

नळी बदलल्यावर आपण वरची सरकती स्लाइड ओढून पाहिली होती का? तेव्हा मॅगझिन आत होतं का? असेल तर एक गोळी नळीत चढली असणार. प्रसादला काही केल्या आठवेना.

"आई, मी हे उचलून ठेवतो."

"काही नको. पूजलेलं उद्या दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं."

"मग निदान तोंड तरी फिरवू. इकडे अनयाची रूम आहे."

तोंड फिरवायचं तर कुठे? पूर्वेला स्कूलबसचा स्टॉप. उत्तरेला गॅस. पश्चिमेला फिरवलं तर आई ओरडली, "देवावर काय रोखतोस!" आणि दक्षिण म्हणजे यमाची दिशा. प्रसाद एका बोटाने पाट फिरवत होता आणि ज्याच्याकडे नळी वळेल तो टुणकन बाजूला होत होता.

"डॅडी, जस्ट कॉल ग्लेन!" सोफ्यामागून अनया म्हणाली.

ग्लेन म्हणजे शेजारचे म्हातारे शिकारी. ते हसत हसत आत आले आणि दारातच थबकले. समोर लालभडक पिस्तूल, शेजारी लाल सुरी, आणि भोवती पांढरे पडलेले चौघं. ग्लेनचे दोन्ही हात वर गेले.

"प्रसाद, हूज ब्लड इज दॅट?"

"नो ब्लड! प्रेयर! ओन्ली प्रेयर!" प्रसाद किंचाळला. त्याने ग्लेन आणखीच घाबरले. शेवटी अनयाने त्यांना सगळं समजावलं.

मग त्यांनी पिस्तूल उचललं, नळी जमिनीकडे धरली आणि स्लाइड मागे ओढली. एक जाडजूड गोळी टप्पकन अक्षतांत पडली.

प्रसादने आईकडे पाहिलं. भारतातून आल्यापासून महिनाभर ती त्याच कपाटासमोर झोपत होती.

"आई, मला याची भीती वाटते गं. पहिल्या दिवसापासून."

ग्लेननी गोळी पाहिली, नळी पाहिली आणि मान हलवली. गोळी एका मापाची होती, नळी दुसऱ्या; झाडली असती तर पिस्तूल हातातच फुटू शकलं असतं. "चोर वाचला असता," ते इंग्रजीत म्हणाले, "तुझं काही सांगता येत नाही."

हे ऐकून आईने स्वतःच पाट पुढे ढकलला. "न्या हो ते तुमच्याकडे. देवाचं मी बघते."

ग्लेन आता रंगात आले. आपल्या बंदुकीत काय आहे हे माणसाला झोपेतसुद्धा माहीत पाहिजे, दर वेळी तपासलं पाहिजे, वगैरे ते सांगत होते. बोलता बोलता त्यांनी एकदम आपल्या घराकडे पाहिलं.

"व्हॉट हॅपन्ड?" प्रसादने विचारलं.

त्यांच्या पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्येही एक होतं. शेवटचं कधी तपासलं ते आठवत नव्हतं, आणि आज त्यांची बायको बार्बरा ड्रॉवर आवरायला बसली होती.

उघडं पिस्तूल तसंच पाटावर टाकून म्हातारबुवा धावत सुटले.

"त्यांची बेडरूम कुठल्या बाजूला आहे रे?" उपासनाने हळूच विचारलं.

उत्तर द्यायच्या ऐवजी प्रसादने तिला आणि अनयाला हाताला धरून डायनिंग टेबलाखाली नेलं. आई तिथे आधीच जाऊन बसली होती.