मेपलच्या डबीची निगा व दुरुस्ती

वस्तू वापरली की झिजते, हे सर्वमान्य आहे. त्यावरचा एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे ती न वापरणे. हा उपाय शास्त्रशुद्ध असूनही शेवटपर्यंत नेटाने अमलात आणणारी माणसं समाजात फार थोडी निघतात, आणि त्यांचं म्हणावं तसं कौतुक होत नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या नेल्सन गावचा लॉर्न काल्माकॉफ हा त्या थोड्यांपैकी एक.

लॉर्नने सरोवरावरच्या फेरीबोटीचं इंजिन एकतीस वर्षं सांभाळलं. एवढ्या काळात बोट चार वेळा बंद पडली, आणि चारही वेळा लॉर्न रजेवर होता (ही नोंद त्याची स्वतःची आहे). निवृत्त झाल्यावर त्याने घर तपासायला घेतलं. पहिल्या वर्षी बिजागऱ्या झाल्या, दुसऱ्या वर्षी नळ, तिसऱ्या वर्षी शेजारणीचे नळ. चौथ्या वर्षी घरात कुरकुर करणारं एकच उरलं, ती त्याची बायको नेटी. तिला संधिवात होता. सकाळी तिची बोटं पंजासारखी आखडून बसत आणि ब्लाउजच्या बटणापुढे हात टेकत.

तेव्हा त्यांची मुलगी व्हेरा हिने आईला एक व्हेपोरायझर आणून दिला. तळहातात मावेल अशी मेपलच्या लाकडाची डबी. एका टोकाच्या भोकात बॅटरी सरकवायची, मधल्या जाळीवर दुकानातून कायदेशीर पावतीवर आणलेला गांजा चिमूटभर पसरायचा आणि दुसऱ्या टोकाच्या काचेच्या नळीने सावकाश ओढायचं. पाला जळत नाही, नुसता तापतो. धूर होत नाही, वाफ होते. नेटीला हा फरक महत्त्वाचा वाटला. काल्माकॉफ मंडळी रशियातून कॅनडात येऊन वसलेल्या दुखोबोर समाजातली. (नावात दुख असलं तरी माणसं समाधानी असतात.) या समाजात मांस, दारू आणि तंबाखूचा धूर पूर्वापार वर्ज्य. वाफेविषयी स्तोत्रांत काही सापडतं का, हे नेटीने दोनदा वाचून पाहिलं. नाही सापडलं.

दुपारी चार झुरके घेतले की दहा मिनिटांत तिची बोटं एकेक करून सुटत. मग बटणं लागत, बरण्यांची झाकणं उघडत, आणि मुख्य म्हणजे पिराहीला मुरड घालता येई.

पिराही म्हणजे आपल्या करंजीची रशियन मावसबहीण. आत बटाटा नाहीतर कोबी, भट्टीत भाजलेली, वरून लोणी. मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी समाजाच्या सभागृहात सहाशे पिराही होतात, आणि कडेला मुरड घालायची खुर्ची बावीस वर्षं नेटीची होती. स्वयंपाकघराच्या प्रमुख पॉली सेमेनॉफ, वय एक्क्याऐंशी, यांचा नियम सोपा होता: जिची बोटं चालेनाशी होतील तिने बाहेर कॉफीच्या टेबलावर बसायचं. कॉफीच्या टेबलावरून आजवर कोणीही आत परत आलेलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी डबीचा दिवा लुकलुकला आणि विझला. नेटीने बॅटरी काढली, फुंकर मारली, पुन्हा घातली. दिवा लागला. बघते तर दारात लॉर्न उभा होता.

"तू आत्ता तिच्यात फुंकर मारलीस?"

"मारली. लागला की दिवा."

"नेटी, फुंकरीत थुंकी असते. थुंकीत पाणी असतं. आत तांबं आहे!"

"मग?"

"मग काय? आण इकडे."

त्या दिवसापासून डबी निगेखाली गेली.

डबीसोबत आलेल्या पत्रकात निगेबद्दल तीनच वाक्यं होती: ब्रशने झाडा, अधूनमधून लाकडाला तेलाचं बोट लावा, आनंदात राहा. एवढ्यावर भागवणं हा लॉर्नला हलगर्जीपणा वाटला. त्याने शोध घेतला आणि इंटरनेटवर अशा डब्या बाळगणाऱ्यांचं एक मंडळ त्याला सापडलं. तिथे मालकाला मालक म्हणत नाहीत, 'पालक' म्हणतात. पालकांची संख्या नऊ हजार. तेल अक्रोडाचं लावावं की जवसाचं, या विषयावर चौदा हजार अभिप्राय. मेणवादी नावाचा तिसरा पक्ष होता, पण त्याला कोणी गंभीरपणे घेत नसे. डबी ओढल्यावर काय वाटतं, या सदरात एकूण सहा अभिप्राय होते आणि त्यांतले चार जाहिराती होत्या.

लॉर्नने जवस पक्षात प्रवेश केला. पंधरवड्यात त्याची कार्यपद्धती सिद्ध झाली. प्रथम जाळी चिमट्याने काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये बुडवावी. अल्कोहोलचा थेंब लाकडावर पडून तेल उडतं, सबब लाकडाला पुन्हा तेल द्यावं. तेल मुरायला बहात्तर तास लागतात, सबब तेवढे दिवस डबीला हात लावू नये. हात न लावलेल्या डबीवर धूळ बसते, सबब ब्रशने झाडावी. ब्रशचे केस जाळीत अडकतात, सबब जाळी काढून अल्कोहोलमध्ये बुडवावी. आत जिथे बॅटरी टेकते ते तांबं खोडरबराने घासावं. खोडरबराचा चुरा पडतो, त्याबद्दल स्वतंत्र परिशिष्ट होतं.

फ्रिजवर वेळापत्रक लागलं. वापरास परवानगी: मंगळवार व शुक्रवार, दुपारी चार दहा ते चार पंचवीस, पूर्वतपासणीअंती. तपासणी साधारण चार चोवीसला संपे.

"लॉर्न, एक मिनिट राहिलं."

"म्हणून काय झालं? घाईघाईत ओढलीस तर जाळीवर किटण धरतं."

"अरे पण माझी बोटं बघ ना."

त्याने खरंच बघितली. हातात घेऊन, चष्मा कपाळावरून खाली ओढून, बेअरिंग बघावं तशी. मग म्हणाला, "म्हणूनच सांगतो. डबी बिघडली तर तुझं काय होईल?"

यात प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. साठ दिवसांत डबी एक हजार तीनशे तास निगेत होती आणि बावीस मिनिटं वापरात. एवढं लक्ष लॉर्नने लग्नाच्या पहिल्या वर्षीही कुणाला दिलं नव्हतं. नेटीला हे कळत होतं, हीच तिची पंचाईत होती. निष्काळजी नवऱ्याशी भांडता येतं; काळजी घेणाऱ्याशी कसं भांडायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

याच काळात, मार्चमध्ये, तिच्या हातून बोर्श्ट सुपाचं पातेलं सुटलं. कोबी, बीट, मलई, सगळं जमिनीवर. लॉर्नने जमीन पुसली आणि पातेल्याची कडी घट्ट करून दिली. त्या दुपारी नेटी शेजारच्या डार्लीन ऑसकडे रडायला गेली.

डार्लीन विधवा, आवाज मोठा, घर त्याहून पसरलेलं. तिने ऐकून घेतलं आणि सोफ्याच्या फटीत हात घालून एक जांभळी प्लास्टिकची कांडी ओढून काढली. तीही व्हेपोरायझरच, पण पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातली. एक बाजू चिकटपट्टीने बांधलेली, टोकाला मांजराचे केस.

"घे, ओढ."

"ही? अगं, कधी साफ केली होतीस?"

"साफ? चालतेय की!" डार्लीन म्हणाली. "एकदा कपड्यांबरोबर मशीनमध्ये धुऊन निघाली, ती धरायची का?"

नेटीने डोळे मिटून ओढली. दहा मिनिटांनी तिने आपली बोटं उघडली, मिटली, परत उघडली. "देवा रे," ती म्हणाली. मग दोघींनी बिस्किटांचा एक आख्खा पुडा संपवला.

तेव्हापासून ती रोज दुपारी डार्लीनची झाडं बघायला जाऊ लागली. (डार्लीनकडे एक झाड होतं. तेही प्लास्टिकचं.) नवऱ्यापासून लपून दुसऱ्याच्या कांडीने वाफ ओढण्यात तिला तंबाखू ओढल्याइतकं पाप वाटे. पण बोटं सुटत, आणि सुटलेल्या बोटांनी पाप मोजणं जमत नसे.

इकडे डबीची प्रकृती ढासळली. तेलाच्या अकराव्या हातानंतर लाकूड असं फुगलं की भोकात बॅटरीच जाईना. लॉर्न दोन दिवस जेवला नाही. मंडळावर त्याने दुःखद वार्ता कळवली. नऊशे पालकांनी सहवेदना व्यक्त केल्या, मेणवाद्यांनी 'आम्ही सांगत होतो' असं लिहिलं. शेवटी त्याने डबी लोकरीत गुंडाळून ती बनवणाऱ्या कारखान्याकडे रवाना केली. कारखाना म्हणजे एका बेटावर चौघांनी चालवलेलं सुतारखातं, पण त्यांची हमी आजन्म होती आणि दुरुस्तीचा अर्ज पाच पानी. 'लाकडाशी आपलं नातं कसं आहे?' या रकान्यात लॉर्नने लिहिलं: कडक, पण प्रेमाचं.

नेटीचं खरं भांडण त्या आठवड्यात झालं. डार्लीनकडे दुपारी सुटलेली बोटं सकाळपर्यंत पुन्हा आखडत, आणि मुरड तर सकाळीच सुरू होते.

"मला ती डबी नको रे," ती म्हणाली. "मला बोटं हवीत. पुढच्या शनिवारी पॉली मला बाहेर बसवेल. बावीस वर्षं झाली, लॉर्न!"

"मग मी काय झोपा काढतोय? तुझ्यासाठीच करतोय ना हे सगळं?"

"माझ्यासाठी करतोस तर मला दे की!"

लॉर्नचे हात टेबलावर होते, रिकामे. त्यांच्यात काही धरलेलं नाही असं नेटीने क्वचितच पाहिलं होतं. मग हळू आवाजात म्हणाला, "बोट एकदा सुटली की तिच्यात दोनशे माणसं असायची. मी नीट बघितलं म्हणून पोचायची. आता माझ्याकडे बघायला आहे काय, नेटी? एक डबी."

यावर नेटीला बोलता येण्यासारखं पुष्कळ होतं. ती फक्त म्हणाली, "चहा टाकू?"

कारखान्याचा अहवाल बुधवारी आला. बिघाडाचं स्वरूप: सूज. बिघाडाचं कारण: देखभाल. केलेली कार्यवाही: आजन्म हमीनुसार नवी डबी विनामूल्य देण्यात येत आहे. खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'काका, ही वापरा.'

हे शेवटचं वाक्य लॉर्नला संदिग्ध वाटलं. त्याने नवी डबी खोक्यातून काढून उजेडात धरली, समाधानाने मान हलवली, आणि आधीच्या चुका टाळायच्या म्हणून परत खोक्यात ठेवली. खोकं काचेच्या कपाटात, आणि कपाटात हवेतला ओलावा मोजणारं एक घड्याळ. या डबीला आजतागायत कसलाही बिघाड झालेला नाही.

शनिवारी सकाळी नेटी सभागृहात जाण्याआधी वीस मिनिटं डार्लीनची झाडं बघून आली. पॉली सेमेनॉफ यांनी दारातच तिचे हात मागितले, उलटसुलट करून पाहिले, अंगठा दाबला. मग मुरडीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. दुपारपर्यंत नेटीच्या हातून दोनशे चाळीस पिराही गेल्या, एकीचीही कड फुटली नाही. शेजारी बसलेल्या बायका सूर धरून स्तोत्र म्हणत होत्या, आणि नेटीची बोटं त्या सुरात चालत होती.

लॉर्न दुपारी आला. बायकोला त्या खुर्चीत पाहून तो दारातच थबकला. मग सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल असं पॉलीबाईंना म्हणाला, "बघितलंत? तीन दिवसांत फरक! सगळा निगेचा प्रश्न असतो हो. नवी डबी एकदाही हाताळू दिलेली नाही."

नेटीने तोंड उघडलं. सगळं ओठावर आलं होतं: जांभळी कांडी, चिकटपट्टी, मांजराचे केस. तेवढ्यात तिला त्याचा चेहरा दिसला. बोट धक्क्याला लागल्यावर इंजिनखोलीतून वर येताना असायचा, तसा.

"हो ना," ती पॉलीबाईंना म्हणाली. "फार जपतो तो."

आणि तिने पुढची पिराही उचलली.

त्या संध्याकाळी लॉर्नने मंडळावर आपला अनुभव सविस्तर मांडला: डबी पूर्ण बंद ठेवल्यास रुग्णाच्या बोटांत तीन दिवसांत सुधारणा. या अभिप्रायाला सोळाशे पालकांनी धन्यवाद दिले. चाळीसएक घरांतल्या डब्या त्याच आठवड्यात कपाटात गेल्या, आणि त्या घरांतल्या दुखणाईत माणसांना शेजारच्या झाडांची अचानक गोडी लागली. जवस आणि अक्रोड या दोन्ही पक्षांत प्रथमच एकमत झालं. मेणवादीही सामील झाले.

आपल्याकडे हे शास्त्र परदेशातून आणावं लागणार नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. वाचकांपैकी ज्यांना लॉर्नचं हसू आलं असेल, त्यांनी जरा उठून आपल्या बैठकीतलं काचेचं कपाट बघावं. पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेला तो चिनी मातीचा सेट अजून एकसुद्धा टवका न उडता तिथे आहे. पाहुणे गेल्या दिवाळीत आले होते, कागदी ताटलीत जेवून गेले. जपून ठेवा. आणखी चांगले पाहुणे येतील.