डोंगऱ्याचा थकवा शून्य

सायकल शर्यतीच्या गेममध्ये खेळाडू पळवणं कुणालाही जमतं. नेमक्या दिवशी त्याला ऐन भरात आणणं ही खरी विद्या, आणि ती मला येते. निदान साडूला मी तसं सांगितलं होतं. तीन मोसम त्याच्या संघाने मला धूळ चारली होती. यंदा हरलो तर गेम कायमचा बंद, असंही मी सर्वांदेखत बोलून बसलो होतो.

माझा हुकमी एक्का म्हणजे डोंगऱ्या, घाट चढण्यात पटाईत. त्याच्यासाठी मी सहा आठवड्यांचा तक्ता केला. चार आठवडे चढण देऊन दमवायचं, मग दोन आठवडे सराव हलका. थकवा उतरतो, ताकद राहते आणि शर्यतीला गडी उसळतो.

अडचण एकच. मी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला. तिथे फोन फाटकावर जमा होतो, आणि गेममधला सराव रोज सकाळी दहा ते बारा याच वेळेत भरावा लागतो. ते काम बायकोकडे गेलं. तक्ता फ्रिजवर लावला. मला तो पाठच होता, त्यामुळे पुन्हा बघायची गरज पडली नाही.

त्याच दिवशी सासरे गुडघा घेऊन आमच्याकडे राहायला आले. निवृत्त पोस्टमन. फिजिओथेरपिस्ट बाईंचं अक्षर त्यांना लागेना, म्हणून आदर्श जावयासारखा मी त्यांचा व्यायाम मोठ्या अक्षरांत उतरवून कपाटावर चिकटवला.

आठवड्याने गेम उघडला. डोंगऱ्याचा थकवा शून्य!

"काय करतेस तू याला?"

"तक्त्यात आहे तेच. मला काय कळतंय त्यातलं?"

दुसऱ्या आठवड्यात त्याची ताकदही उतरली. आता माझं कुतूहल चाळवलं. तक्ता चुकला म्हणावं तर तो माझाच. शेवटी पोरात काहीतरी दैवी आहे, ताकद शर्यतीसाठी लपवून ठेवतोय, असं ठरवून मी साडूला फोनवर बजावलं, "जपून राहा."

इकडे सासरे रोज जिन्यात भेटू लागले.

"बाबा, कुठे निघालात?"

"चढण. पाच फेऱ्या."

"बाई फारच कडक दिसतात. गुडघा?"

"चार दिवस जीव गेला. आता नाव नाही काढत. कागदावर असेल ते पोचवायचं, जावईबापू. पस्तीस वर्षं तेच केलं."

शर्यतीच्या रविवारी साडू घरीच आला. पहिल्या घाटाच्या पायथ्यालाच डोंगऱ्या मागे पडला. एकशे त्रेचाळिसावा!

"बिचारा," बायको हळहळली. "उशीवर पाय ठेवून पडायची सवय त्याला."

"कसली उशी?"

"तक्त्यात आहे की. 'पाय उशीवर ठेवून वीस मिनिटं पडून राहणे.' गेममध्ये उशी सापडेना, म्हणून मी 'विश्रांती' दाबत होते."

मी फ्रिजकडे धावलो. कागद सारखे, अक्षर सारखं, आणि दोन्ही मीच चिकटवलेले. बायकोवर ओरडायचीही सोय उरली नव्हती.

तेवढ्यात सासरे कॅनव्हासचे बूट घालून बाहेर आले.

"जावईबापू, आजच्या रकान्यात 'शर्यत' लिहिलंय. कोणाशी?"

साडूने माझ्याकडे बोट दाखवलं.

चार मजले ठरले. मी दुसऱ्यावर कठडा धरून धापा टाकत होतो, तेव्हा वरून आवाज आला, "पुढचा कागद कधी देताय?"

गेम मी शब्दाप्रमाणे बंद केलाय. तक्ते मात्र अजून करावे लागतात.